गर्दीतली अकरावी बाई

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. हे माझ्यासमोर घडलंय. भर दुपारी तीन वाजता.

टीव्हीसाठी स्वस्तातली कार्टून बनवणाऱ्या एका स्टुडिओत मी होतो. स्टुडिओ कसला, टायरच्या गोदामावरच्या दोन खोल्या! शेठला चित्रातलं ओ की ठो कळत नव्हतं. "माणूस कुंपणामागून चालवा, पाय काढायला नकोत," हे त्याचं कलाज्ञान.

मला तिथे चिकटवलं माझ्या मावशीनं. ती चित्रं काढायची, मी ती कॅमेऱ्याखाली ठेवून एकेक फोटो घ्यायचो.

सगळ्या मालिकांत गर्दी एकच. मावशीनं नऊ वर्षांपूर्वी दोन पारदर्शक शीटवर रंगवलेली. एकीत हात लांब, दुसरीत जवळ. आलटून पालटून ठेवली की झाल्या टाळ्या. लग्न असो की लढाई, तीच अकरा माणसं टाळ्या पिटणार. चेहरे आम्हा कामगारांचेच. दहावा मी, अकरावी ती स्वतः.

तिला एकच हवं होतं. शेवटी पडद्यावर येणाऱ्या नावांत आपलं नाव.

"पुढच्या मालिकेत नक्की, ताई," शेठ दरवर्षी म्हणायचा. त्याच्या मेव्हण्याचं नाव मात्र दोनदा यायचं.

नवव्या वर्षी नावांच्या पाटीवर तिचं नाव लिहिलं गेलं एकदाचं. त्याच आठवड्यात मावशी टेबलावरच गेली.

तिसऱ्या दिवशी शेठ म्हणाला, "मेलेल्या बाईचं नाव पोरांच्या कार्यक्रमात? काळा रंग फिरव त्यावर."

मी फिरवला.

बोटानं. ब्रश धुवायचा कंटाळा आला होता.

मग गर्दीचा सीन घ्यायला बसलो. खोलीत मी एकटाच.

खर्र... खर्र...

खोडरबर. मावशीच्या टेबलाकडून.

वळून पाहिलं. खुर्ची रिकामी. टेबलावर रबराचा ताजा भुगा...

शीटकडे पाहिलं.

अकरावी जागा मोकळी होती. रबरानं रंग जात नाही. इथे तर साधा ओरखडासुद्धा नव्हता.

मी शेठला हाक मारली. त्यानं चष्मा वर केला.

"दहा जण पुरेत. चालव."

खर्र...

दुसरी शीट ठेवली. तिच्यातही मावशी नव्हती. आणि बाकीचे नऊ जण...

पाठमोरे.

समोर बघत होतो फक्त मी.

"पाठ तर पाठ," शेठ म्हणाला. "चेहरे बघतंय कोण?"

आणि निर्लज्ज माणूस चहा प्यायला गेला.

तो भाग तसाच दाखवला गेला. कोणी हूं की चूं केलं नाही. मी नोकरी सोडली. शेठची लाज वाटते म्हणून सांगत फिरलो. खरं तर मला माझीच किळस येत होती. एक "नाही" म्हणायचं होतं फक्त. तेवढं जमलं नाही.

तो भाग अजून रविवारी लागतो. परवा माझ्या लेकीनं विचारलं, "बाबा, या माणसाचं बोट काळं का?"

मी टीव्ही बंद केला.

काल पुन्हा तोच भाग लागला. मी नको म्हणत असताना तिनं लावला.

पडद्यावर आता माझा हात मनगटापर्यंत काळा आहे...