तिसरा हात

माझी नि त्याची पहिली भेट झाली तेव्हा त्याला तीन हात होते. दोन त्याचे स्वतःचे आणि तिसरा प्लॅस्टरचा. संग्रहालयाच्या अरुंद जिन्यात मी उतरत होते, तो चढत होता, आणि तो पांढरा तळवा थेट माझ्या नाकासमोर येऊन थांबला.

"घाबरू नका," तो म्हणाला.

"मी कुठे घाबरले?"

"तसं नाही... या हाताचा अर्थ सांगतोय. अभयमुद्रा. हिंदू देवांचीही हीच, आमच्या बुद्धांचीही हीच."

खरं तर घाबरलेच होते. मी जन्मजात काळजीखोर. गॅस बंद केला की नाही, हे बघायला अर्ध्या वाटेतून घरी परतणारी. मूर्तींखालच्या पाट्या मी लिहिते आणि एकेक पाटी चारचारदा तपासते. तो मूर्तींच्या प्लॅस्टरच्या प्रतिकृती करतो, त्यामुळे कोपरापर्यंत कायम पांढरा. सगळे त्याला पावडर म्हणतात.

नवं दालन दोन धर्मांवर होतं. पाहुण्यांनी कानाला हेडफोन लावायचा आणि एकेका मूर्तीपुढे थांबून माहिती ऐकायची. आवाज आम्हा दोघांचे. पण आमच्या संग्रहालयाच्या मोठ्या बाईंनी कागदांची अदलाबदल केली. "आपापल्या घरचं वाचलं की आवाजात तोरा येतो," त्या म्हणाल्या. म्हणून हिंदू धर्म त्याच्याकडे गेला नि बौद्ध धर्म माझ्याकडे आला.

काचेच्या छोट्या खोलीत तो वाचायचा, "हिंदू धर्माला कुणी एक संस्थापक नाही. वेदांमधून, त्याआधीच्याही श्रद्धांमधून तो वाढत गेला. आत्मा अमर आहे, मोक्ष मिळेपर्यंत तो नवे जन्म घेतो." मग माइक झाकून हळूच, "हे मी म्हणालोय हे आजीला कळलं ना, तर जेवायला वाढायची नाही."

मी वाचायचे, "बौद्ध धर्माची सुरुवात एका माणसापासून झाली. राजवाडा सोडून निघालेला सिद्धार्थ पिंपळाखाली बुद्ध झाला. कायम टिकणारा आत्मा नाही, सगळं बदलत राहतं. दुःखाचं मूळ तृष्णा. ती विझली की निर्वाण."

तोवर आम्ही 'अहो'वरून 'अरे'वर आलो होतो.

"तुमच्यात आत्माच नाही म्हणतात," मी एकदा म्हटलं, "मग पुढच्या जन्मी मला ओळखणार कसा?"

"म्हणून तर याच जन्मात ओळख वाढवतोय."

मी कागदात तोंड लपवलं. मला तो आवडतो, हे त्या दिवशी मी स्वतःपाशी कबूल केलं, आणि लगेच काळजीत पडले. कारण बाबा.

बाबा निवृत्त शिक्षक. खिशात अजून लाल पेन. माझ्या चुलतबहिणीने दुसऱ्या धर्मात लग्न केलं, तेव्हापासून तिचं नाव त्यांनी घेतलेलं नाही. माझंही नाव असंच बंद झालं तर? शेवटी ध्वनिमुद्रणाच्या अखेरच्या दिवशी मी त्याला विचारलंच.

"बाबांना मी काय सांगू? तू... आहेस ना माझ्याबरोबर?"

तो आपल्या पांढऱ्या कोपरांकडे बघत राहिला. मी दार आपटून पाणी प्यायला गेले, परत येऊन कोरड्या आवाजात उरलेलं वाचलं. त्यानंतर आम्ही फक्त कामापुरतं बोललो. रोज वाटायचं, आज काहीतरी बोलेल... बोलला नाही.

उद्घाटनाच्या सकाळी बाबा आले आणि हेडफोन लावून चुका शोधायला निघाले. तेवढ्यात ध्वनिमुद्रण करणारे दादा धापा टाकत आले.

"ताई, घोळ झालाय. शेवटचा भाग न कापताच चढवलाय. तुमचं मधलं बोलणं सगळं तसंच आहे त्यात."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. शेवटचा भाग म्हणजे तोच प्लॅस्टरचा हात. आणि बाबा त्याच्या एक मूर्ती अलीकडे होते, 'आत्मा नाही' हे लेकीच्या तोंडून ऐकत, भुवया चढवून.

"बाबा, आधी चहा घेऊ या."

"थांब. अर्धवट ऐकायची सवय नाही मला."

ते हातापुढे उभे राहिले. समोरच्या खांबापाशी तोही उभा होता, इस्त्रीच्या शर्टात, आणि माझा चेहरा बघून त्याचाही उतरला. बाबांनी ऐकलं. मग बटण दाबून पुन्हा ऐकलं. मग हेडफोन काढून माझ्या कानाला लावला.

"ऐक."

माझाच प्रश्न. शांतता. दार आपटल्याचा आवाज... आणि दादा, "का रे, गप्प का बसलास?"

मग तो, अगदी हळू. "मी हो म्हटलं असतं तर ती आजच घरी जाऊन भांडली असती. बाबांवर फार जीव आहे तिचा. तिला भांडायला पाठवून मी मागे थांबू? मीच जाईन त्यांच्याकडे. रोज ठरवतो दादा... पण भीती वाटते."

"एवढी आवडते ती?"

"ती सकाळपासून वाचतेय, तृष्णा हे दुःखाचं मूळ. आणि मी दाराकडे बघत बसलोय, पाणी प्यायला एवढा वेळ का लागतो म्हणून."

माझे डोळे भरून आले. बाबांनी खिशातलं लाल पेन चाचपलं.

"एक चूक आहे."

"बाबा, मी तुम्हाला सांगणारच होते..."

"मुलगा फार हळू बोलतो. मला दोनदा ऐकावं लागलं." ते त्या पांढऱ्या तळव्याकडे बघत राहिले. "तुझ्या बहिणीच्या वेळी मला कुणी विचारायला आलं नाही. नुसती टपालाने पत्रिका आली. हा घाबरत का होईना, यायचं म्हणतोय. ते आत्मा नाही वगैरे मला पटलेलं नाही हं. वाद घालणार मी त्याच्याशी."

"कधी?"

"रविवारी. जेवायला बोलव. आणि सांग, माझ्यासमोर जरा मोठ्याने बोल म्हणावं."

मी वळले. त्याला काहीच ऐकू गेलं नव्हतं. खांबाला टेकून उभा होता बिचारा, प्लॅस्टरहून पांढरा पडून. मधे माणसांची ही गर्दी. मी तिथूनच हात वर केला. तळवा समोर, बोटं वर.

अर्थ त्यानेच मला शिकवला होता.