एका कान्याचा फरक

"अर्धा तास डोळे उघडायचे नाहीत हं," असं बजावून सिस्टरने माझ्या डोळ्यांत थेंब टाकले आणि हाताला धरून मला बाकावर नेऊन बसवलं. खरं सांगू? फार बरं वाटलं. भर कामाच्या दिवशी कुणीतरी हक्काने सांगितलं होतं की बाई गं, आता काही वाचू नकोस.

शेजारी कुणीतरी बसलं होतं. साबणाचा वास येत होता, आणि त्याच्यामागून शाईचा.

"माझा नंबर पुकारला का हो?" पुरुषाचा आवाज. हळू, जरा बिचकलेला.

"कुणास ठाऊक. मलाही दिसत नाहीये."

"म्हणजे आंधळा मागतो एक डोळा..."

"इथे दोघांचे मिळून चार आहेत," मी म्हणाले, "आणि चारही बंद!"

तो हसला. मला उगाचच छान वाटलं. गेल्या कित्येक आठवड्यांत माझ्या बोलण्यावर कुणी हसलं नव्हतं.

"डोळ्यांचं काय केलंत एवढं?" त्याने विचारलं.

"भाषांतर. जपानी चित्रकथा असतात ना, मांगा, त्यांचं. बारीक अक्षरं, त्यात रात्रंदिवस मुलांची भांडणं आणि प्रेमं. आणि तुम्ही?"

"मी... फुगे भरतो."

"वाढदिवसाचे?"

"नाही हो. अक्षरांनी."

मी ताठ बसले. चित्रातल्या माणसाच्या तोंडाजवळ जो फुगा असतो, त्यात हाताने अक्षरं भरणारी माणसं आमच्या धंद्यात बोटांवर मोजण्याइतकी. मी घसा खाकरला.

"पान बेचाळीस, फुगा सहा..."

"मुळात सहा टिंबं आहेत. आपण नऊ शब्द दिलेत. मावत नाहीत," तो एका दमात म्हणाला. मग म्हणाला, "अरे देवा!"

"तुम्ही टिंबवाले!"

"तुम्ही भाषांतरबाई!"

दोघांनीही डोळे उघडले. सिस्टर ओरडल्या. मला दिसलं ते एवढंच — एक निळा शर्ट, आणि त्याच्यावर काहीतरी अंधुक, जे बहुतेक हसत होतं.

आता सांगते. तीन वर्षं मी एकाच मालिकेचं भाषांतर करत होते. अठरा भागांची मालिका. नायक धावपटू, आणि दर शर्यतीत दुसरा येणारा. त्याची वेळ मोजणारी एक मुलगी, जिच्यावर त्याचं प्रेम आहे हे तिच्याखेरीज सगळ्या जगाला माहीत. मी चित्रांच्या प्रतींवर फुग्यांना आकडे घालायचे, कागदावर आकड्यापुढे वाक्य लिहायचे, आणि कागद पाकिटातून 'अक्षरवाल्यां'कडे जायचे. तो घरी बसून काम करणारा माणूस. आम्ही एकमेकांना पाहिलं नव्हतं. ओळख होती ती त्याच्या समासातल्या सूचनांची, आणि ती काही फार गोड नव्हती.

भांडणाचं मूळ एकच. आमचा नायक बोलायचाच नाही. मुलगी विचारणार, "दुखतंय का?" आणि याच्या फुग्यात सहा टिंबं. संपादकबाई वैतागल्या होत्या. "अहो, हा मख्ख आहे नुसता! वाचकांना वाटेल छापायचंच राहिलं. घाला काहीतरी त्याच्या तोंडी." मग मी घालायचे. त्याला काय वाटत असेल याचा अंदाज करायचा आणि त्याच्या वतीने बोलायचं.

या कामाचा मला सराव होता. माझं लग्न एका माणसाशी ठरलं होतं, चार वर्षं ठरलेलंच राहिलं. तो गप्प असायचा. मला वाटायचं, किती खोल आहे हा! त्याच्या प्रत्येक गप्प बसण्याचा मी अर्थ लावायचे आणि तो अर्थ स्वतःलाच वाचून दाखवायचे. शेवटी माझी थोरली बहीण म्हणाली, "अगं, खोल विहीर आणि कोरडी विहीर वरून सारखीच दिसते. पोहरा टाकून बघितलास का कधी?" पाहिला टाकून. खणखणाट झाला.

तेव्हापासून मी जी थकले ती थकलेच. झोपून न जाणारा थकवा असतो ना, तसला. शेवटी ठरवलं, अठरावा भाग संपला की हे काम सोडायचं. एका औषध कंपनीत जागा मिळाली होती. डब्यातल्या घडीच्या कागदावरच्या सूचनांचं भाषांतर. तिथे नायक नाही, प्रेम नाही. पोटदुखी असते, पण तीही दुसऱ्याची.

दवाखान्यातल्या भेटीनंतर टिंबवाला दर बुधवारी पानं घेऊन स्वतःच कचेरीत येऊ लागला. पाकीट पाठवून भागत होतं की! मी काही विचारलं नाही. जिन्याच्या मधल्या कट्ट्यावर आम्ही बसायचो. पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा कळलं — उंच, जरा पोक काढून चालणारा, उजव्या हाताच्या मधल्या बोटावर शाईचा कायमचा डाग. माझा कागद वाचताना त्याचे ओठ हलायचे. ते मला आवडायचं. आवडायचं म्हणजे, बुधवारची मी वाट बघायला लागले होते.

मग सतरावा भाग छापून आला आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली.

पान एकशे अकरा. नायक शर्यत हरून पाण्याच्या नळाशी बसलाय. मुलगी विचारते, "आता?" आणि याच्या फुग्यात चक्क — "मला काही सुचत नाही. मी थकलोय."

ते त्याचं वाक्य नव्हतंच. माझं होतं! त्या दिवशी त्या फुग्यापाशी मी अडले होते, आणि वैतागून आकड्यापुढे मनातलं खरडलं होतं. नंतर खोडायचं राहून गेलं. टिंबवाल्याने ते संवाद समजून तसंच उतरवलं होतं. काही दिवसांनी धीर करून मी संपादकबाईंकडे कबुली द्यायला गेले, तर त्यांच्या टेबलावर वाचकांच्या पत्रांचा ढीग. लोकांनी तेच एक वाक्य उचलून धरलं होतं. 'सतरा भागांत पहिल्यांदा तो माझ्याशी बोलला,' असं एकीने लिहिलं होतं.

"काय वाक्य दिलंत हो!" बाई म्हणाल्या. "आता शेवटच्या भागात दोन पानं लेख लिहा — असा नायक लोकांना का आवडतो."

मी लेखही कबूल केला, आणि त्याच श्वासात राजीनाम्याचंही सांगून टाकलं.

बुधवारी कट्ट्यावर मी टिंबवाल्याला दोन्ही बातम्या दिल्या. राजीनाम्याची ऐकून तो पानांची कडा सारखी करत राहिला. मग म्हणाला, "लेखाचं काय ठरलंय?"

"सोपं आहे. डोळ्यांवर आलेले केस, वर्गात खिडकीजवळचा शेवटून दुसरा बाक, आणि आईवडिलांपैकी निदान एक देवाघरी. झाला नायक."

"मग मला जमायला हवं होतं. बाक तोच होता माझा."

"आणि केस?"

त्याने विरळ झालेल्या भांगावरून हात फिरवला. "ते गेले देवाघरी."

मी खूप दिवसांनी पोट धरून हसले. "खरं सांगा ना. तुम्हाला तो का आवडतो?"

खालच्या मजल्यावर कुणीतरी टाइप करत होतं. "त्याला पहिलं यायचंय," तो म्हणाला. "जमत नाही, शोभत नाही, लोक हसतात... तरी त्याला तेच हवंय, आणि ते लपवता येत नाही. ज्याला काहीच नको, त्याची गोष्ट कोण कशाला वाचेल?"

"आणि तुम्हाला काय हवंय?" माझ्या तोंडून निघून गेलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. पाहतच राहिला. आणि गप्प.

जुन्या सवयीने माझी जीभ वळवळली. याला काय म्हणायचंय ते मीच म्हणून टाकावं... पण मी जिभेला चावा घेतला. पुन्हा नाही. कुणाच्याही रिकाम्या फुग्यात आता मी अक्षर घालणार नव्हते, मग तो कितीही आवडत असो. आणि तो मला आवडत होता, चांगलाच.

लेख लिहायला बसले त्या रविवारी मी सतरावा भाग समोर घेतला. पान एकशे अकरा. शेजारी पानांसोबत परत आलेला माझा हस्तलिखित कागद. दोन्हीकडे नजर गेली आणि मी चमकले.

कागदावर होतं — 'मी थकलेय.' मीच लिहिलेलं, माझंच, बाईमाणसाचं. पुस्तकात होतं — 'मी थकलोय.'

चुकून उतरवणारा माणूस जसंच्या तसं उतरवतो. 'ले'चा 'लो' आपोआप होत नाही. तो काना कुणीतरी विचार करून दिला होता.

पुढच्या बुधवारी मी दोन्ही पानं त्याच्यापुढे धरली. "ही चूक नव्हती."

त्याचे कान लाल झाले. "नव्हती."

"तुम्हाला कळलं होतं, हे माझं आहे म्हणून."

"अक्षर तिरकं आलं होतं. तुमचं कधी येत नाही." तो बोटावरचा डाग चोळत होता. "वाटलं, फोन करून विचारावं, बऱ्या आहात ना. मग वाटलं, आपण कोण विचारणारे? पण ते खोडून टिंबं द्यायला हात धजेना. कुणीतरी थकलंय म्हणतंय आणि आपण ते पुसायचं...? म्हणून त्याला दिलं. त्याला शोभलंही."

माझे डोळे भरून आले. तीन वर्षांत माझा थकवा एकाच माणसाने वाचला होता, आणि तोही बारीक अक्षरांतून. मी त्याला तसं सांगायला हवं होतं. पण सगळं मीच का सांगायचं, असाही एक हट्ट होता. "येते," म्हणून मी निघाले.

शेवटच्या पानाचा प्रश्न राहिला होता. मुलगी गाव सोडून निघालीय. नायक स्टेशनपर्यंत धावत येतो, आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर पोचतो. तिच्यासमोर उभा. फुग्यात सहा टिंबं. संपादकबाईंनी बजावलं होतं, "इथे शब्द हवेतच." मी ती जागा कोरी ठेवून कागद पाठवून दिले होते. माझ्या नोकरीचे शेवटचे तीन दिवस राहिले होते.

बुधवारी टिंबवाला पान घेऊन थेट माझ्या टेबलापाशी आला. माझ्या हातात देऊन खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. शेवटच्या फुग्यात, त्याच्या त्या सुबक गोल अक्षरात लिहिलं होतं — 'जाऊ नकोस.'

आधी आनंद झाला. खोटं कशाला बोलू, खूप झाला. आणि पाठोपाठ संताप आला.

"हे कोण म्हणतंय?" मी विचारलं.

"...तो."

"त्याला नका मध्ये घालू. तीन वर्षं मी त्याच्या तोंडी माझं घातलं, आता तुम्ही?" मी टेबलावरची लाल पेन्सिल उचलली, ते दोन शब्द खोडले आणि समासात लिहिलं, 'मुळाप्रमाणे टिंबं.' "त्याला गप्प बसायचा हक्क आहे. अठरा भाग लोकांनी त्याला आतून पाहिलंय, तिच्या घड्याळाचा पट्टा शिवताना पाहिलंय, एकटा रडताना पाहिलंय. आता तो नुसता उभा राहिला तरी त्यांना ऐकू येतं. तुमचे अठरा भाग मी वाचलेले नाहीत हो! तुम्हाला बोलावं लागेल."

तो वळला. चेहरा पांढराफटक. मी पेन्सिल खाली ठेवली आणि वाट पाहिली. शेजारच्या खोलीतला फोन वाजून वाजून बंद झाला.

"काम सोडा," तो म्हणाला.

"काय?"

"म्हणजे... काम खुशाल सोडा. तुम्ही थकलायत, सोडायलाच हवं. ते 'जाऊ नकोस' चुकीचंच होतं, मी रात्रभर... असो. मला तुमचं भाषांतर नकोय. म्हणजे चांगलं असतं, मावत नाही फक्त. मला बुधवार हवाय. नुसता बुधवार नाही, सगळेच वार. दवाखान्यात तुम्ही आंधळ्यांवर विनोद केलात, तेव्हापासून मी घरी एकटाच हसतो, आई विचारते काय झालं. मी दिसायला असा, बोलायला असा, वय चौतीस, दिवसभर खाली मान घालून दुसऱ्यांची वाक्यं लिहितो. स्वतःचं असं हे पहिलंच. मला तुम्ही हव्या आहात."

एवढं बोलून त्याला धाप लागली.

"तुम्ही?" मी म्हणाले. "मनातलं सांगतोयस आणि अहो-जाहो करतोयस?"

"तू," तो म्हणाला. "मला तू हवी आहेस."

"मलाही तू हवा आहेस," मी म्हणाले. कधीची म्हणायची होती ती गोष्ट. म्हटल्यावर खांदे एकदम हलके झाले.

संपादकबाईंच्या टेबलावर ते पान ठेवून आम्ही जिना उतरलो. रस्त्यात उन्हाची तिरीप होती. एकदा तोंड उघडल्यावर त्याला थांबता येत नव्हतं. आईचं, शाळेचं, टाकाची निबं कुठे चांगली मिळतात त्याचं, काहीही. मी त्याचा शाईचा हात धरून नुसती ऐकत चालले होते, आणि मला एकाही शब्दाचा अर्थ लावावा लागत नव्हता.