हिरवा ठिपका

"पाच वाजता माझी नोकरी जाणार आहे," यी-जेन दारातूनच म्हणाली. "आणि माझं अवजार खोटं बोललं नाही, हे कोणाला पटत नाहीये."

फांग बाईंनी तिच्यापुढे चहा सरकवला. तैपेईत खासगी तपास करण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती. ल्याव काका आयुष्यभर बस चालवून निवृत्त झाले आणि घरी करमेना म्हणून त्यांच्या जोडीला आले.

"अवजार म्हणजे?" काकांनी विचारलं.

"साधंच आहे, काका. दर मिनिटाला वेबसाइटचं दार ठोठावायचं. उत्तर आलं तर हिरवा ठिपका, नाही आलं तर लाल. सुट्टीच्या दिवशी बसून बनवलं."

यी-जेनचं ऑफिस एका मंदिराची वेबसाइट सांभाळायचं, आणि ती चालू आहे ना हे पाहणं तिचं काम. आज सकाळी नऊला तिथे परीक्षेच्या दिव्यांची नोंदणी सुरू होणार होती. परीक्षेत यश मिळावं म्हणून मुलांच्या नावाने लावायचे, विद्येच्या देवासमोर पहिल्या रांगेत छत्तीस दिवे. आपल्या मुलाचं नाव तिथे लागावं म्हणून पालक जीव टाकतात. पण नऊ चाळीसपर्यंत वेबसाइट उघडेचना, आणि उघडली तेव्हा पहिली रांग भरलेली! त्या सगळ्या वेळात यी-जेनचा ठिपका मात्र हिरवागार.

"मग हिनेच..." काका बोलून गेले. बाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं.

दुपारी दोघं तिच्या ऑफिसात पोचले. टेबलाखालच्या जुन्या कॉम्प्युटरवर काकांचा गुडघा आपटला.

"जपून हो! अवजार त्यातच आहे," यी-जेन ओरडली.

मंदिराच्या कारकून चियू बाई धुमसतच बसल्या होत्या. "नोंदणी सुरू होताना बघायला नऊला मी इथेच होते, हिच्या शेजारी. या पडद्यावर पान झटकन उघडलं, आणि तिकडे मंदिरात उघडत नाही म्हणून फोनवर फोन! डोळ्यांत धूळ फेकली आमच्या."

"दिवे कोणाच्या नावावर गेले?"

"देवाला वाहिलेली नावं आम्ही बाहेर सांगत नाही."

यंत्रांच्या खोलीत म्हातारे वेई पहाऱ्याला होते. प्रत्येक यंत्रावर खाऊचं एकेक हिरवं पाकीट ठेवलेलं होतं; यंत्रं शहाण्यासारखी चालावीत म्हणून तैपेईत ते ठेवायची रीतच आहे.

"हिरवंच लागतं," ते काकांना म्हणाले, "आणि तारीख उलटलेलं चालत नाही. यंत्र रुसतं."

"हे मधलं पाकीट नवं कोरं दिसतंय," बाई म्हणाल्या.

"बाहेरचं येणं-जाणं याच यंत्रातून होतं. याच्या पाकिटाची तारीख कालच संपली. आज आणणार होतो, पण दहाला आलो तर कोणीतरी आधीच बदललेलं. पोरी, तूच ना?"

"मी नाही, आजोबा."

"या खोलीच्या किल्ल्या कोणाकडे?" बाईंनी विचारलं.

"माझ्याकडे, हिच्याकडे, सुंग साहेबांकडे."

"आणि बाहेरची वाट बंद करायची झाली तर?"

"इथेच बसून करावी लागते. पण असं कोण करेल?" वेईंनी मागच्या जिन्याच्या दाराकडे उगाचच एकदा पाहिलं.

विभागप्रमुख सुंग गोड बोलले आणि त्यांनी अननसाची वडी पुढे केली. "पोरगी गुणी आहे हो. पण चूक ती चूक. मी? मी दातांच्या डॉक्टरकडे होतो, दहाला थेट इथे आलो." भिंतीवर मुलाच्या शिकवणीच्या वर्गाचा फोटो होता, आणि पालक समितीच्या अध्यक्षांच्या खुर्चीत सुंग स्वतः. टेबलावर दुकानांच्या पावत्यांचा गठ्ठा चिमट्यात अडकवलेला.

काकांचं लक्ष तिथेच गेलं. "सरकार पावत्यांच्या नंबरांवर बक्षिसं काढतं, ती सोडत? मला सात वर्षांत दमडी लागली नाही."

"फेकत असाल! मी एकही फेकत नाही. तारखेवार लावतो."

साडेचारला बाईंनी सगळ्यांना सुंग यांच्या खोलीत बोलावलं.

"चियू बाई, तुम्हाला पान इथे उघडलेलं दिसलं, बाहेर कोणालाच दिसलं नाही. म्हणजे वेबसाइट चालू होती, फक्त बाहेरची वाट बंद होती. अवजार याच ऑफिसात बसतं. त्याला उघडं दिसलं, त्याने उघडं सांगितलं. चाळीस मिनिटं नोंदणी फक्त इथूनच होऊ शकत होती."

"म्हणजे इथल्याच कोणीतरी!" चियू बाई उठून उभ्या राहिल्या.

"किल्ली असलेल्या माणसाने. मागच्या जिन्याने आला, त्याच यंत्रापाशी बसला. पाकिटाची तारीख संपलेली पाहून, यंत्र रुसेल म्हणून तो अडला. चोरी करायला तयार, पण जुन्या पाकिटासमोर नाही! खाली जाऊन नवं घेऊन आला. वेईंनी आणलं नाही, आणि यी-जेनने आणलं असतं तर नाकारलं कशाला असतं? ल्याव, तो गठ्ठा."

सुंग यांचा हात आधी पुढे झाला, पण काकांनी गठ्ठा उचललाही होता. सर्वांत वरची पावती आजची होती, याच इमारतीखालच्या दुकानाची. सकाळी आठ बारा. एक हिरवं पाकीट.

"डॉक्टर याच जिन्यात बसतात वाटतं?" काका म्हणाले.

सुंग खुर्चीत बसले. "छत्तीस पालकांना शब्द दिला होता," ते पुटपुटले. "अध्यक्ष म्हणून."

"आणि माझी नोकरी?" यी-जेनने विचारलं. सुंग यांनी खणातून तिच्या बडतर्फीचं पत्र काढलं आणि फाडलं. चियू बाईंनी तिथूनच मंदिरात फोन लावला. रांग रिकामी करा, उद्या पुन्हा नोंदणी.

जिना उतरताना यी-जेनच्या हातात तो जुना कॉम्प्युटर होता, आणि ती रडत होती. "खोटं नव्हतं बोललं ते."

"नव्हतं," बाई म्हणाल्या. "पण त्याला ऑफिसाबाहेर बसव, म्हणजे बाहेरच्यांना दिसतं तेच त्याला दिसेल."

"माझ्याकडे कोपरा आहे," ल्याव काका घाईघाईने म्हणाले. "आणि पोरी, मी पहिल्यांदा तुझ्यावरच संशय घेतला. चुकलं माझं."

वाटेत काका दुकानात शिरले. हिरवं पाकीट घेतलं, तारीख दोनदा वाचली, पावती घडी घालून खिशात ठेवली. घरी पाकीट कॉम्प्युटरवर ठेवून तो चालू केल्यावर तिघंही पडद्याकडे पाहत उभे राहिले. एक मिनिट गेलं, आणि हिरवा ठिपका उमटला.