पाचच्या आत पासवर्ड

दार उघडलं तेव्हा आधी शिडी आत आली आणि तिच्या मागून हर्षदा.

"या दादा, लवकर या," असं महेंद्र दार उघडता उघडता म्हणून बसला होता. आता ते शब्द परत कसे घ्यायचे, हे त्याला कळेना.

"दादा सुट्टीवर आहेत," शिडी भिंतीला टेकवत ती म्हणाली. "मी हर्षदा. ताई चालेल का?"

चालेल म्हणायचं होतं, पण महेंद्रच्या तोंडून नुसतं "हं…" एवढंच निघालं. खांद्याला अवजारांची पिशवी, निळा कुर्ता, वेणी गुंडाळून वर बांधलेली आणि कानामागे पेनाच्या जागी खोचलेला बारका पेचकस. चपला तिनं दाराबाहेर काढल्या, इतरांच्या चपलांच्या रांगेत नीट लावल्या आणि मगच आत पाऊल टाकलं.

"नेटचा बॉक्स कुठंय?"

कात्रपच्या त्या तळमजल्यावरच्या घरात दोन वाजल्यापासून धांदल होती. पाच वाजता महेंद्रचा पाहण्याचा कार्यक्रम होता, आणि तोही टीव्हीवर, व्हिडिओ कॉलनं. मुलगी नाशिकची, राजसी नावाची. पत्रिका वगैरे या घरात कुणी बघत नसे. शिक्षण, नोकरी, फोटो जुळले होते. दोघांनी एकमेकांना एकदा पाहिलं की स्थळ आणणारी मावशी साखरपुड्याची तारीख काढायला मोकळी होणार होती. महेंद्र अंबरनाथच्या एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत लॅबमध्ये कामाला. दिवसभर रंगाच्या छटा जुळवून जुळवून त्याला घरी आल्यावर कशाचीच निवड करायचा उत्साह राहत नसे. फोटो दाखवल्यावर तो "ठीक आहे" म्हणाला होता, आणि घरच्यांनी त्याचा अर्थ "हो" असा घेतला होता.

सगळ्यांना मुलगी नीट दिसावी म्हणून त्याचे वडील, किसनराव, उल्हासनगरहून मोठा टीव्ही घेऊन आले. "पासवर्ड डालो साईं, और चालू," असं दुकानदारानं सांगितलं होतं. घोडं अडलं ते नेमकं तिथंच. पासवर्ड कुणालाच आठवत नव्हता.

"तुमच्या फोनमध्ये असेल ना," हर्षदा म्हणाली. "कुणाचा तरी जोडलेला असेलच."

महेंद्रनं खाली पाहिलं. "काल रात्री मी तिघांचे फोन साफ केले. व्हिडिओ अडकू नये म्हणून. नेटवर्कचं सगळं रीसेट…"

"म्हणजे होते ते पासवर्ड पण तुम्हीच पुसलेत."

"हो."

"शाब्बास," ती म्हणाली, पण हसली नाही. फक्त गालाच्या एका बाजूला बारीकशी खळी पडून गेली, आणि ती पुन्हा कधी पडते याकडे पुढचे अडीच तास महेंद्रचं लक्ष लागून राहिलं.

ती बॉक्सपुढे मांडी घालून बसली. स्वतःच्या रुमालानं त्यावरची धूळ पुसली. एकेक वायर बोटांनी चाचपत शेवटपर्यंत गेली, एखादा वैद्य नाडी बघतो तशी. घाई तिच्या कुठल्याच हालचालीत नव्हती, आणि तरी कुठं वेळ वाया जात नव्हता. महेंद्रला लॅबमध्ये असं काम करणारी माणसं ओळखता येत. दहात एखादं असतं. हे त्यातलंच होतं.

"वायरनं काढता आला असता पासवर्ड," ती म्हणाली. "पण बॉक्सची वायर लावायची भोकं जळलीत. मागच्या पावसाळ्यात वीज पडली होती का जवळपास?"

"झाडावर. पाठीमागच्या."

"मग तेच. रीसेट मारू शकते, दोन मिनिटांचं काम आहे. पण मग लाइनची सगळी माहिती परत भरावी लागते. ती आमच्या हरिचंद्रशेठकडेच असते. शेठ गेलेत वांगणीला लग्नात, फोन बंद. रात्री येतील."

"रात्री काय उपयोग?" स्वयंपाकघरातून महेंद्रच्या आईचा, अंजनाबाईंचा, आवाज आला. "पाच वाजता त्यांची माणसं बसणार आहेत."

मोबाइलची रेंज त्या घरात खिडकीच्या एका गजापाशी यायची, तीही वाऱ्यावर. शेजाऱ्यांकडे नेट मागायची सोय नव्हती, कारण त्यांची मुलं फुकट वापरतात म्हणून किसनरावांनी डिसेंबरात पासवर्ड बदलला होता आणि तसं जिन्यात उभं राहून चार लोकांदेखत सांगितलंही होतं.

"काका, बदललात तेव्हा कुठं लिहिला का?" हर्षदानं विचारलं.

किसनराव टीव्हीसमोर रिमोट घेऊन बसले होते. सकाळपासून ते एकेक अक्षर दाबून काहीतरी टाकून बघत, टीव्ही नाही म्हणे, ते मान हलवून पुन्हा सुरुवात करत. "कॅलेंडरवर लिहिला होता," ते म्हणाले. "डिसेंबरच्या पानावर. पण ते गेलं साल."

सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं. तिथं फेब्रुवारी होता, कोरा करकरीत.

"जुनं कॅलेंडर तुम्ही टाकून देता का, काकी?" हर्षदानं स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन विचारलं.

"टाकते कशाला? चांगला जाड कागद असतो," अंजनाबाई म्हणाल्या आणि बोलता बोलताच त्यांचा हात डब्यांच्या मांडणीकडे गेला. मांडणीच्या सहाही फळ्यांवर, डब्यांच्या खाली, गेल्या सालचे बारा महिने उलटे अंथरलेले होते.

"आत येऊ का?" हर्षदानं विचारलं.

परक्या बाईच्या मांडणीला हात लावायच्या आधी विचारावं लागतं, हे तिला माहीत होतं. अंजनाबाईंनी तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "ये पोरी."

एकेक फळी रिकामी करायची, कागद उचलून बघायचा, परत अंथरायचा. हर्षदा डबे काढून देई, महेंद्र ओट्यावर ठेवी. चौथा डबा त्यानं कुठंही टेकवला तशी ती म्हणाली, "असं नाही. ज्या ओळीत निघाले त्याच ओळीत लावा. नाहीतर काकींना उद्या जिरं शोधायला पंचांग काढावं लागेल."

"तुम्ही सगळ्यांच्या घरी इतकं करता?"

"सगळे फोन पुसून ठेवत नाहीत."

अंजनाबाई गॅसपाशी पोहे परतत होत्या. हिंग आणि कढीपत्त्याचा वास घरभर झाला होता. पोहे कशाला, असं महेंद्रनं सकाळीच विचारलं होतं. मुलगी टीव्हीत, तिची माणसं टीव्हीत, खाणार कोण? "पाहणी म्हटलं की पोहे होतात," एवढंच आईनं सांगितलं होतं. आता त्या बशी भरून म्हणाल्या, "महेंद्र, त्या पोरीला दे आधी. जेवली नसेल कामाच्या नादात."

महेंद्र बशी घेऊन वळला. हर्षदा दुसऱ्या फळीपाशी जमिनीवर बसली होती, गालावर कसलंसं पीठ लागलेलं. त्यानं बशी पुढे केली आणि तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं.

"पाहणीत पोहे घेऊन मुलगी येते ना?" ती हळू आवाजात म्हणाली.

"हो…"

"आज तुम्ही आलात. मग जरा लाजा तरी."

लाजायची गरजच नव्हती. महेंद्रचे कान आधीच तापले होते.

"बसा," तिनं बशी हातात घेत फर्मावलं. "नाव?"

"महेंद्र."

"शिक्षण?"

"बीएस्सी. केमिस्ट्री."

"स्वयंपाक येतो का?"

"वरण-भात. अंडाकरी."

"अंडाकरी चांगली होते का नुसती होते?"

"चांगली… होते," तो म्हणाला आणि मग खरं ते सांगून टाकलं, "आईला विचारा. नुसतीच होते."

आता मात्र ती हसली. खळी दोन्ही गालांवर पडत होती, हे त्याला तेव्हा कळलं. गॅसपाशी अंजनाबाईंचा झारा जरासा थांबला आणि पुन्हा फिरू लागला.

"आणि तुम्ही?" त्यानं धीर करून विचारलं. "या कामात कशा?"

"मी बारवी धरणाकडच्या पाड्यावरची. बेलवलीत बहिणीकडे राहते. शेठच्या ऑफिसात झाडू मारायला लागले होते. एक दिवस लाइनवरचा माणूस आला नाही आणि गिऱ्हाईक ओरडत होतं. मी म्हटलं, मी बघते. रोज बघतच होते की ते वायरी कशा जोडतात. शेठ म्हणाले, खांबावर चढशील का? मी म्हटलं, मोहाच्या झाडावर चढलेली पोर आहे, खांबाचं काय घेऊन बसलात." तिनं शेवटचा घास घेतला. "पोहे छान झालेत, काकी."

महेंद्र ऐकत राहिला. आजवर तो ज्या मुलींबद्दल "ठीक आहे" म्हणाला होता, त्यातल्या एकीचंही त्याला आत्ता नाव आठवेना. ही मुलगी मात्र त्याला आवडली होती, साध्या सरळ शब्दांत आवडली होती. घड्याळात साडेचार झाले होते. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कशाची तरी निवड करायची होती आणि त्यासाठी त्याच्याकडे अर्धा तास होता.

पासवर्ड सापडू नये असं त्याला मनातून वाटू लागलं, आणि नेमका तेव्हाच तो सापडला. डिसेंबर पाचव्या फळीवर होता, हरभऱ्याच्या डाळीखाली. एका चौकोनात किसनरावांचं ठसठशीत अक्षर. हर्षदानं मोठ्यानं वाचलं, "अंजना, इंग्रजीत. मग एक-चार-शून्य-पाच…"

"चौदा मे," अंजनाबाई म्हणाल्या. "आमच्या लग्नाची तारीख."

बाहेरच्या खोलीत रिमोट खाली पडल्याचा आवाज झाला.

अंजनाबाई झारा हातात घेऊनच दारात गेल्या. "म्हणजे सकाळपासून तुम्ही रिमोट घेऊन तारखा लावत होता?"

किसनरावांनी मान खाली घातली. "नाव पक्कं होतं. मे महिना पण पक्का होता. तारीख आणि सालच अडलं."

"मग मला का नाही विचारलं?"

"तुला विचारलं असतं तर तुला कळलं असतं की मला आठवत नाही."

हर्षदानं तोंडाला ओढणी लावली. अंजनाबाई काहीतरी कडक बोलणार होत्या, पण डिसेंबरपासून आपलं नाव घरभर हवेत फिरत होतं आणि आपल्याला पत्ता नव्हता, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. त्या नुसत्याच "पोहे गार होतील" म्हणाल्या आणि आत गेल्या.

टीव्ही जोडला गेला. हर्षदानं तेवढ्यावर काम संपवलं नाही. तिनं फोन टीव्हीवर नीट टेकवून कॅमेरा लावला, महेंद्रची खुर्ची उचलून खिडकीसमोर फिरवली आणि म्हणाली, "इथं बसा. उजेड तोंडावर येतो. चांगले दिसाल."

दुसऱ्या मुलीसाठी ती त्याला चांगला दिसेल असं बसवत होती. महेंद्रला ते सहन होईना. ती शिडी उचलून बाहेर गेली तसा तोही अनवाणी गेटपर्यंत गेला. पाचला सात मिनिटं कमी होती.

"हर्षदा… एक मिनिट."

"अजून काही बंद पडलं?"

"मला आत जाऊन बसायचं नाही. म्हणजे… मला तुम्हाला भेटायचं आहे. पुन्हा. कामाशिवाय." त्यानं श्वास घेतला. "तुम्ही मला आवडलात. अडीच तासात असं बोलू नये, माहीत आहे. पण पाच वाजल्यानंतर बोलता येणार नाही."

ती शिडीला हात लावून उभी राहिली. मघाचा खट्याळपणा तिच्या चेहऱ्यावरून पार उतरला होता.

"आत काय सांगाल?"

"सांगू काहीतरी. नेट गेलं म्हणून."

"ते नाही चालणार," ती म्हणाली. "नेट मी जोडलंय. ते जात नाही. तिकडं एक पोर दुपारपासून साडी नेसून बसली असेल. तिला समोर बसून खरं सांगा. तेवढं जमत असेल तर मी इथं उभी आहे. नसेल तर निघते."

महेंद्र आत गेला.

पाच वाजता टीव्हीवर नाशिकची अख्खी बैठक उजळली. दोन काका, एक आजी, दारात उभी मुलं आणि मधोमध डाळिंबी साडीतली राजसी. "जय भीम" झालं, तब्येती विचारून झाल्या. महेंद्र खुर्चीवर हात जोडून बसला होता. मग तो बोलला. राजसीकडे बघत, अडखळत, पण शेवटपर्यंत. तुमच्यात काहीच कमी नाही, चूक माझी आहे, मी विचार न करता घरच्यांना हो म्हणू दिलं. आज मला कुणीतरी आवडलं, आणि हे तुमच्यापासून लपवून तुमच्यासमोर बसणं मला जमणार नाही. मला माफ करा.

अंजनाबाई मटकन दिवाणावर बसल्या. किसनरावांनी सवयीनं रिमोटकडे हात नेला आणि मागे घेतला.

"बरं झालं आजच सांगितलंत," राजसीच शेवटी म्हणाली. आवाज जरा कापरा होता, पण तिनं नजर वळवली नाही. "साखरपुड्यानंतर सांगतात लोक." मग शेजारच्या आजीकडे वळून, "आजी, मी साडी बदलून येते."

टीव्ही काळा झाला. मावशीचे फोन येऊ लागले. अंजनाबाईंनी ते घेतले नाहीत. त्या महेंद्रकडे बघत होत्या, रागानं बघत होत्या, आणि तरी त्यांना आठवत होतं की त्या पोरीनं मांडणीला हात लावायच्या आधी विचारलं होतं.

"गेली का ती?" त्यांनी विचारलं.

"गेटवर आहे."

"मग इथं काय उभा आहेस? मावशीचं मी बघते. पण रात्री माझ्याशी बोलायचं आहे तुला, सगळं."

हर्षदा गेटपाशी शिडीच्या खालच्या पायरीवर बसली होती. उघड्या खिडकीतून तिला शब्द न् शब्द ऐकू आला होता. महेंद्र समोर येऊन उभा राहिला तरी ती लगेच उठली नाही. तिचे डोळे ओले होते, आणि ते तिनं लपवलं नाही.

"माझ्या बाबाचं नाव बारकू," ती म्हणाली. "पाड्यावर रेंज नाही, व्हिडिओ-बिडिओ काही चालत नाही. पुढच्या रविवारी यावं लागेल. डांबरी संपली की अर्धा तास चालत."

"येतो."

"बाबा कमी बोलतो. पण एक विचारेल. माझ्या पोरीला फसवणार तर नाहीस?"

महेंद्र काही बोलायला गेला, तर तिनं हात वर करून त्याला थांबवलं.

"ते मी सांगेन त्याला," ती म्हणाली आणि शिडीचं एक टोक त्याच्या हातात दिलं. "मी ऐकलंय. धरा, बहिणीच्या घरापर्यंत सोडायला चला."