निळ्या फुलांची कपबशी

लग्न झाल्यापासून चार महिने मैथिलीला सकाळचा चहा खोलीत मिळत होता, तोही निळ्या फुलांच्या कपबशीत, ट्रेमधून. ऐकणाऱ्याला वाटावं, काय नशीब काढलंय पोरीनं. खरी गोष्ट अशी, की तिला स्वयंपाकघरापर्यंत जाताच येत नव्हतं. सांगलीतल्या त्या घरात सरनोबतांची तीन माणसं आणि चार मांजरं राहत, आणि नव्या सुनेला घरात घ्यायचं नाही असं चारही मांजरांनी ठरवून टाकलं होतं.

दाजी हा सगळ्यांत थोरला बोका, साडेसहा किलोचा. तो हॉलच्या मधोमध ठाण मांडून बसे. बुंदी आणि काजळ या बहिणी फ्रिजच्या दोन बाजूंना. चौथी फोडणी, ती कुठे असेल ते सांगता येत नसे, म्हणून तिचीच जास्त धास्ती. मैथिलीनं खोलीबाहेर पाऊल टाकलं की गुरगुर सुरू. सासूबाई, म्हणजे कालिंदीबाई, पुढे चालल्या तरच वाट मिळे. आपल्याच घरात असं बंदोबस्तात हिंडायचं म्हणजे काय, ते तिचं तिला ठाऊक.

बाकी ही चौघं एकमेकांशी मात्र अगदी गुण्यागोविंदानं नांदत. ते श्रेय गंधदाणी नावाच्या यंत्राचं. पूर्वी घरात तीन-चार मांजरं असणाऱ्यांच्या नाकी नऊ यायचे. एकाला दवाखान्यात नेऊन आणलं, की त्याच्या अंगाला औषधाचा वास लागे आणि बाकीची थेट त्याच्या अंगावर जात. कारण मांजराला चेहऱ्याशी फारसं देणंघेणं नसतं. सगळी मांजरं एकमेकांना आणि माणसांना गाल घासत राहतात, त्यातून घराचा एक सामायिक वास तयार होतो. त्या वासात ज्याचा वाटा तो आपला, बाकी सगळे परके. गंधदाणी हा वास एकदा टिपून घेई आणि दर दोन तासांनी बारीक तुषारातून घरभर सोडी. तांब्याएवढं यंत्र, टीव्हीच्या वरच्या फळीवर ठेवलेलं. माणसाच्या नाकाला यातलं काही कळत नाही, असं माहितीपुस्तिकेत ठळक छापलं होतं.

एका गुरुवारी दाजीनं मैथिलीची पोटरी अशी ओरबाडली की इंजेक्शन घ्यावं लागलं. संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली, "रविवारपर्यंत मांजरांची सोय कर, नाहीतर मी मिरजेला आईकडे जाते. रागानं नाही सांगत निनाद. माझ्यानं आता होत नाही."

निनादनं मान खाली घातली. "आईला कसं सांगू? मांजरं गेली तर ती जेवायची नाही."

"मग मी गेले तर चालेल का, तेवढं विचार त्यांना."

निनादनं काही विचारलं नाही. दोन्हीकडून मार खाणारा माणूस तो.

मैथिली दूध संघाच्या प्रयोगशाळेत होती. टँकरमधल्या दुधात कुठल्या गोठ्याचं दूध मिसळलंय हे वासावरून सांगणारा गंधमापक तिच्या रोजच्या हातातला. शनिवारी ती तो घरी घेऊन आली. कालिंदीबाईंनी दाजीला उचलून धरलं, आणि तिनं मापकाची नळी गंधदाणीच्या तोंडाशी लावली. पाच मिनिटांनी आकडे आले.

"चार मांजरं, तीन माणसं," ती म्हणाली.

"बरोबर आहे की," निनाद म्हणाला. "तीनच तर आहोत आपण."

मैथिलीनं नळी आधी त्याच्या मनगटाला लावली, मग सासूबाईंच्या, मग स्वतःच्या. "तू आहेस. आई आहेत. मी नाहीये. तिसरं माणूस दुसरंच कुणीतरी आहे."

नाव तिघांनाही माहीत होतं.

शर्वाणी, निनादची पहिली बायको. दोघांचं पटलं नाही, आणि दोन वर्षांपूर्वी भांडणतंटा न करता दोघं वेगळी झाली. चारही मांजरं तिनंच आणलेली. दाजी तर रस्त्यावर सापडला तेव्हा मुठीएवढा होता, त्याला तिनं ड्रॉपरनं दूध पाजून जगवलं. बंगळूरला नोकरी लागली, तिथल्या हॉस्टेलात मांजरं चालत नव्हती, म्हणून ती चौघं इथेच राहिली. इथे असताना शर्वाणी बाहेरून आली की चपला कुठंही भिरकावून थेट माठाकडे जाई आणि उभ्यानंच पाणी पिई. कालिंदीबाई तिला त्यावरून रोज बोलत, आणि ती रोज तेच करी.

"घरात माणूस आलं-गेलं की नवा नमुना घ्यायचा असतो," मैथिली म्हणाली. "यंत्र दर तीन महिन्यांनी विचारतं. कोण नको म्हणत होतं?"

"मीच," कालिंदीबाई म्हणाल्या. दाजी अजून त्यांच्या कडेवर होता. "बटण दाबायला हातच उठेना. तू आल्यावरसुद्धा विचारलं होतं त्यानं. तेव्हाही नकोच म्हटलं. पोरगी होती माझी ती. गेली, तेव्हा तिला थांब म्हणायचा मला काय अधिकार होता? म्हटलं, मांजरांपुरती तरी राहू दे घरात. तुझ्या पायाशी येईल हे, असं नव्हतं वाटलं गं."

मैथिली थोडा वेळ पोटरीवरची पट्टी चाचपत राहिली. "आई, तुमची पोरगी व्हायचं म्हणून नाही आले मी. तिची जागाही नको मला. फक्त माझा चहा मला करून घेता आला पाहिजे."

कालिंदीबाईंनी त्याच दुपारी यंत्र बंद केलं. मांजरांची एक गोधडी होती, घरातल्या प्रत्येकाचा वापरलेला कपडा लावून शिवलेली. यंत्र नमुना घेई तो तिच्यावरूनच. त्यांनी चष्मा लावून शर्वाणीच्या पिवळ्या ओढणीचा तुकडा उसवला आणि त्या जागी मैथिलीचा जुना कुर्ता टाचला. उसवताना त्या रडल्या, आणि रडणं लपवलंही नाही. मैथिलीनं सुईत दोरा ओवून दिला. पुढचे सात दिवस सगळ्यांनी आळीपाळीनं त्या गोधडीवर बसायचं होतं. मैथिली बसली की पहिले दोन दिवस मांजरं लांबून फिस्कारली, तिसऱ्या दिवशी नुसतीच बघत राहिली. आठव्या दिवशी नव्या नमुन्यावर यंत्र सुरू झालं.

त्यानंतर पाच-सहा दिवसांनी मैथिली एकटी उठून स्वयंपाकघरात गेली. दाजीनं एक डोळा उघडला आणि परत मिटला. तिनं स्टीलच्या पेल्यात चहा ओतून घेतला. निळ्या फुलांची कपबशी आणि ट्रे धुऊनपुसून पाहुण्यांच्या कपाटात गेले. कालिंदीबाईंना खरंच हलकं वाटलं. सुनेला हाका मारून मारून त्या आता कोथिंबीर निवडायला बसवत, आणि हवी तशी निवडत नाही म्हणून कुरकुरतही.

दोन महिन्यांनी शर्वाणी आली. माळ्यावर राहिलेली प्रमाणपत्रांची फाइल तिला हवी होती. मैथिलीनं दार उघडलं, हसून आत बोलावलं. शर्वाणीनं चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या, आणि आधी खाली बसून हात पुढे केला. "दाजी, ये रे."

दाजीची पाठ वर आली. शेपूट फुलली. तो घशातून गुरगुरत दोन पावलं मागे सरला, आणि बुंदी, काजळ, फोडणी एकेक करून त्याच्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"अरे, मी आहे," शर्वाणी म्हणाली. हात तसाच पुढे होता. मग तिनं तो हळूच मागे घेतला. "बरोबर आहे. खूप दिवस झाले."

निनाद फाइल काढायला माळ्यावर चढला. मैथिलीनं मांजरांना आत नेलं. ती तिच्या मागोमाग निमूट गेली. कालिंदीबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "बस गं, प्रवास कसा झाला?" असं विचारत त्यांनी शर्वाणीसमोर चहा ठेवला, शेजारी पाण्याचा ग्लास.

शर्वाणीनं कपाकडे पाहिलं, मग माठाकडे. "छान झाला," ती म्हणाली आणि बसल्या बसल्या अर्धा ग्लास पाणी प्यायली.

तेव्हा कालिंदीबाईंचं लक्ष गेलं. समोर ट्रे होता, आणि ट्रेमध्ये पाहुण्यांच्या कपाटातली निळ्या फुलांची कपबशी. त्यांनी मान वर करून फळीवरच्या गंधदाणीकडे बघितलं. माणसाच्या नाकाला यातलं काही कळत नाही, असं तर पुस्तिकेत ठळक छापलं होतं. मग ही कपबशी काढायला त्यांना सांगितलं कोणी?