दोन इंचांची चूक

आम्ही पहिल्यांदा भेटलो तेव्हा मी कांदा चिरत होते. कांदा नव्हता, सुरी नव्हती आणि स्वयंपाकघरही माझं नव्हतं.

ती किचनच्या सामानाची मोठी शोरूम होती. बाहेर पावसाची भुरभुर, आत ओळीने मांडलेली किचन आयलंड – खोलीच्या मधोमध, चारही बाजूंनी मोकळे असलेले चकचकीत ओटे. त्यातल्या एकापाशी मी खुर्ची ओढून बसले होते. डोळे मिटलेले, डावा खांदा मुद्दाम पाडलेला, आणि उजव्या हाताने हवेत खच खच चाललेलं.

"तुमचा कांदा झाला की सांगा," मागून आवाज आला. "मला त्या ओट्याचा ड्रॉवर दुरुस्त करायचाय. घाई नाही."

मी डोळे उघडले. कानामागे पेन्सिल, बाहीवर भुसा, आणि हसू दाबायचा प्रयत्न साफ फसलेला. धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं.

"मी... वेडी नाहीये."

"अजिबात नाही. वेडी माणसं बसून न बघताच ओटा घेऊन जातात. कुणासाठी बघताय?"

सकाळपासून तीन विक्रेत्यांनी मला रंग विचारला होता, दगड विचारला होता. कुणासाठी, हे कुणीच विचारलं नव्हतं. म्हणूनच असेल, त्या अनोळखी सुतारापुढे मी सगळं सांगून मोकळी झाले.

माझे बाबा तीस वर्षं एका वसतिगृहात आचारी होते. आई गेल्यावर घरचा स्वयंपाकही त्यांनीच केला. मला मात्र धड सूपही जमत नाही. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. बरेच सावरले, पण पाच मिनिटांवर उभं राहवत नाही आणि चालायला वॉकर लागतो. एकदा ओट्यापाशी तोल गेला आणि भरल्या पातेल्यासकट खाली आले. भाजलं नाही कुठे, पण त्या दिवसापासून बाबांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही. बाल्कनीत बसतात आणि मी वाढीन ते मुकाट खातात. माझ्या प्रत्येक पदार्थाला नावं ठेवणारा माणूस मुकाट खातो, हे मला बघवत नव्हतं. बसून काम करता येईल असा ओटा केला तर ते परत येतील, एवढ्याच आशेवर मी दुकानं पालथी घालत होते.

त्याने शांतपणे ऐकलं. मग दुकानाचे मालक कुठे आहेत ते बघून हळूच म्हणाला, "मग इथलं काही घेऊ नका. हे सगळे उभ्या माणसांचे ओटे आहेत. मी करून देतो."

तो दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी घरी आला, नखशिखांत भिजलेला. रेनकोट होता त्याच्याकडे, पण तो त्याने पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्याला घातला होता.

"माणसाने भिजायचं आणि पुठ्ठ्याने रेनकोट घालायचा?" मी टॉवेल पुढे केला.

"मी वाळेन. पुठ्ठा वाळत नाही."

त्याची कामाची रीतच निराळी होती. आधी जमिनीवर चिकटपट्टीने आयलंडची चौकट आखायची, मग त्यावर खऱ्या मापाचा पुठ्ठ्याचा ओटा उभा करायचा आणि घरच्यांना सांगायचं – आठ दिवस याच्यासोबत राहा. कुठे अडखळता, कुठे हात पोचत नाही, ते मला कळू द्या. लाकडाला सुरुवात त्यानंतर.

"आणि ओटा झाला की त्याच्या पोटाला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, मी पेन्सिलीने लिहितो," तो म्हणाला. "कुणासाठी ते. 'डावखुऱ्या काकूंसाठी.' 'सहा फुटी जावयासाठी.'"

"कुणाला दिसणारच नाही तर लिहायचं कशाला?"

"कापताना माझं चित्त ठिकाणावर राहतं."

हे वाक्य मी पुढे त्याला किती वेळा ऐकवलं असेल, त्याला गणती नाही.

आमच्या घरातलं दुसरं मत म्हणजे आत्या. बाबांची थोरली बहीण, शेजारच्याच इमारतीत राहणारी. ती मासिकांतली पानं कापून घेऊन आली आणि पुठ्ठ्याच्या ओट्यासमोर ठाण मांडून बसली. "काळा दगड हवा. आरशासारखा. मधोमध सिंक आणि वरून लोंबते दिवे."

"काळ्या चकाकीवर दिवा पडला की सुरीची धार दिसत नाही, आत्या," तो म्हणाला. "आणि मध्ये सिंक आलं तर खाली काकांचे गुडघे कुठे जाणार?"

"हा मला लगेच आत्या म्हणायला लागला," तिने नाक मुरडलं. पण त्या दिवसापासून त्याच्या कॉफीत साखर बरोबर पडू लागली.

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर एकच प्रश्न विचारते – 'हे बरं दिसतं, की हे?' आता रोज संध्याकाळी तो माझ्यासमोर दोन चित्रं धरायचा. कोपरे असे गोल, की जरा जास्त? ड्रॉवर उजवीकडे, की डावीकडे?

"हे बरं, की हे?"

"अहो, हा प्रश्न माझा आहे."

"मग उत्तर द्यायची सवय नसेल तुम्हाला. सावकाश द्या. मी उद्याही येणार आहे."

तो खरंच रोज यायचा. कधी वॉकर सहज वळावा म्हणून पुठ्ठा चार बोटं सरकवायचा, कधी नुसताच अर्धा इंच कापायचा. अर्ध्या इंचासाठी माणूस शहराच्या त्या टोकाहून बस बदलून येतो, यावर आत्याचा विश्वास नव्हता. खरं सांगायचं तर माझाही नव्हता.

एवढं सगळं चाललं होतं, पण बाबा जागचे हलत नव्हते. "काका, एकदा बसून बघता का?" तो बाल्कनीच्या दारात उभा राहून विचारायचा. बाबा पावसाकडे बघत म्हणायचे, "करा तुम्ही. मला काय त्याचं."

मग बाबांच्या जागी मीच बसायचे. त्यांची खुर्ची, त्यांच्यासारखा पाडलेला खांदा. तो गुडघ्यांवर बसून जमिनीपासून माझ्या कोपरापर्यंत टेप लावायचा. आठव्या दिवशी शेवटचं माप घेतलं तेव्हा टेप लागली, पण तो आकडा काही वाचेना. मी खाली बघितलं तर तो वर बघत होता.

"किती आलं?" मी विचारलं.

"काय?... हां. माप." त्याने घाईने आकडा लिहून घेतला. "काका तुमच्याहून बुटके. यातून दोन इंच वजा करायचे, माझ्या लक्षात आहे."

मग तीन आठवडे तो आला नाही. लाकूडकाम चालू होतं. पुठ्ठ्याचा ओटा मात्र जागेवर होता आणि मी सकाळचा चहा त्याच्यापाशी बसून पीत होते. दुकानात एका आजोबांना मी एकच भिंग तीनदा दाखवलं. चौथ्यांदा दाखवल्यावर ते म्हणाले, "बाळ, डोळे माझे तपासायचेत ना?" काय झालंय मला, ते तेव्हा मला नीट कळलं.

रविवारी सकाळी ओटा आला. फिकट लाकूड, गोल कोपरे, चार जाड पाय, एका अंगाला ड्रॉवर आणि दुसऱ्या अंगाला गुडघ्यांसाठी मोकळी जागा. मी बाबांच्या खुर्चीत बसले, हात टेकवले. जणू माझ्यासाठीच केला होता.

"किती बरोबर बसलाय," मी म्हटलं.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "तुम्हाला बरोबर बसलाय?"

"हो. का?"

"बसायला नको होता." त्याने टेप काढली, लावली, पुन्हा लावली. मग तसाच बाल्कनीच्या दारात गेला आणि मान खाली घालून म्हणाला, "काका, माझी चूक झाली. ओटा दोन इंच उंच झालाय."

इतके दिवस मनात जपलेलं सगळं त्या दोन इंचांवर वाया जाणार होतं. आता बाबा म्हणणार – जाऊ दे, मला काय त्याचं.

पण तसं झालं नाही. मग ठक... ठक... वॉकरचा आवाज आला. बाबा पॅसेजमधून आले, स्वयंपाकघराच्या दारात थांबले. त्यांनी डोळे बारीक करून ओट्याकडे बघितलं, जसं पूर्वी माझ्या पातेल्यात बघायचे तसं.

"दोन इंच?" ते म्हणाले. "वसतिगृहातही एका शहाण्याने असाच उंच ओटा केला होता. चार महिने आमचे खांदे भरून आले. इतक्या उंचावर कुणी कांदा चिरतं का?" आणि बोलता बोलता ते आत आले.

मी उठले. बाबा खुर्चीत बसले, हात वर ठेवले. मोठ्यांच्या टेबलाशी बसवलेल्या लहान मुलासारखे दिसत होते. "बघ, बघ हे," ते पुटपुटले आणि गुडघ्यांना जागा किती ते बघायला खाली वाकले. वाकले ते वाकलेलेच राहिले.

"मिस्त्री," ते खालूनच म्हणाले. "इथे पेन्सिलीने 'तिच्यासाठी' लिहिलंय. ही कोण?"

कॉफी घेऊन आलेली आत्या कपांसकट दारातच थांबली.

"काका, वजा करायचं आठवत होतं मला," त्याचे कान लाल झाले होते. "पण कापायला बसलो तेव्हा... चित्त ठिकाणावर नव्हतं. हात आपोआप तिच्याच मापावर गेला. मी हा परत नेतो, नवा करून देतो."

बाबा सरळ झाले. त्यांचे खांदे हलत होते. मी घाबरून जवळ गेले तर ते हसत होते – वर्षभरानंतर, पोट धरून. "नेतोस कुठे? करवत काढ. इथेच काप, माझ्यासमोर. तुझ्यावर नजर ठेवायला कुणीतरी हवं."

त्याने ओटा आडवा केला आणि पाय कापले. बाबांनी खुर्चीतून प्रत्येक पाय उजव्या हाताने घट्ट धरून ठेवला. मग ओटा उभा झाला, बाबांनी कांदा मागितला, सुरी मागितली, माझी सुरी बोथट आहे म्हणून मला चार शब्द सुनावले आणि चिरायला लागले. आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि सगळ्यांनी कांद्याला दोष दिला. दुपारी त्या ओट्यावर आम्ही चौघांनी बाबांच्या हातचं सूप प्यायलं. मीठ अगदी बरोबर होतं. इतकी कृतज्ञ मी आयुष्यात कधी झाले नव्हते – बाबांबद्दल, आणि त्या दोन इंचांबद्दलही. माप बरोबर आलं असतं तर बाबा बाल्कनीतच बसले असते.

जेवणं झाल्यावर तो खोडरबर घेऊन ओट्याखाली शिरला. मीही शिरले.

"राहू दे ते," मी म्हटलं आणि त्याच्या कानामागची पेन्सिल काढून 'तिच्यासाठी'च्या खाली लिहिलं – 'बाबांसाठी'. मग तिथेच, गुडघ्यांवर बसून, विचारलं, "तुमच्या घरचा ओटा कुणाच्या मापाचा आहे?"

"माझ्याकडे ओटाच नाही." तो ओशाळून हसला. "सुतारकामाच्या दोन लाकडी घोड्यांवर एक फळी टाकलीये. सगळ्यांचे केले, स्वतःचा राहिलाच. एकट्याच्या मापाचा करावासा वाटत नव्हता. आता वाटतंय... दोघांच्या मापाचा करावा. म्हणजे, तुला चालत असेल तर. तू मला फार आवडतेस. उत्तर सावकाश दे, मी उद्याही येईन."

तो मला पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता. वरून बाबांनी ओट्यावर चमचा आपटला. "पोरी, उत्तर दे त्याला, नाहीतर कॉफी गार होईल."

मी ओट्याखालून बाहेर आले, त्याच्यासमोर ताठ उभी राहिले आणि कोपर वाकवून हात पुढे केला.

"मोज," मी म्हटलं. "टेपकडे बघितलं नाहीस तरी चालेल."