दशांश चिन्ह

सासूबाईंनी पुढे केलेली जेवणाची ताटली तिने घेतली नाही. नको म्हटले नाही, मानही फिरवली नाही. नुसती त्या ताटलीकडे पाहत राहिली, जणू त्या हातांनी काय वाढले आहे हे यापुढे तिला नव्याने तपासून घ्यावे लागणार होते... तंबूच्या कापडातून मावळतीचा पिवळसर उजेड आत झिरपत होता, स्टँडवर उभ्या असलेल्या मोटारसायकलची तापलेली नळी निवता निवता टिकटिकत होती, आणि सासूबाईंचा हात तसाच पुढे राहिला होता.

"खाऊन घे. उद्या मोसमातली शेवटची शर्यत आहे."

"आज खरंच पाच सेकंद होते का हो, सासूबाई?"

लग्न होऊन त्या घरात पाऊल टाकल्यापासून 'आई' यावाचून दुसरी हाक तिच्या मुखातून निघालेली नव्हती. सासूबाईंनी ताटली सावकाश खाली ठेवली. पदराला हात पुसले. त्या हातांना काही लागलेले नव्हते.

ज्यांनी अशी शर्यत पाहिलेली नाही, त्यांना इथे एवढे सांगितले पाहिजे की हेल्मेटच्या आत शिरलेल्या माणसाला जग दिसते ते पुढच्या वळणापुरतेच. क्लबचा तो रस्ता एका टेकडीला वेटोळे घालून गेलेला. पुढचा स्वार थोडासा सुटला की झाडीआड होतो, आणि मग तो जवळ येतो आहे की लांब पळतो आहे हे कळण्याचा एकच मार्ग उरतो. रस्त्याच्या सरळ भागाला लागून एक बुटकी भिंत असते. तिच्यावरून आपल्या माणसाने दर फेरीला फळा दाखवायचा: आपण कितवे, पुढच्याशी अंतर किती सेकंदांचे, फेऱ्या किती उरल्या. स्वाराने तो एका निमिषात वाचायचा आणि त्यावर जीव टाकायचा. त्या फळ्यावर शंका घेऊन कोणी गाडी चालवू शकत नाही. शंका घ्यायची असेल तर घरी बसावे.

तिचा फळा सासूबाई धरीत. उभा जन्म त्यांनी शाळेत गणित शिकवले होते, आणि सारा क्लब त्यांना 'बाई' म्हणत असे. शर्यतीला निशाण दाखवणारा अधिकारी त्यांचाच जुना विद्यार्थी. पन्नाशी उलटली तरी त्या समोरून आल्या की हातातली सिगरेट पाठीमागे लपवी. स्टॉपवॉच गळ्यात अडकवून भिंतीपाशी ताठ उभ्या राहिलेल्या त्या वृद्धेकडे बोट दाखवून बायका आपापल्या सुनांना म्हणत, सासू मिळावी तर अशी. आणि ती सून, चष्म्याच्या कारखान्यात दिवसभर भिंगे घासणारी ती अबोल विधवा, मनोमन म्हणे, सासू नव्हे, ही माझी जन्माची माय आहे.

तिचा पती गाड्या दुरुस्त करीत असे आणि सुट्टीच्या दिवशी शर्यतीत उतरत असे. तीन वर्षांपूर्वी याच रस्त्यावर, अखेरच्या फेरीत, अखेरच्या वळणावर तो पडला तो उठलाच नाही. त्या रविवारी ती कारखान्यात होती. भिंतीपाशी एकट्या सासूबाई होत्या. नंतर भाऊ तिला न्यायला आला, पुन्हा आला, रागावून परत गेला. पुत्रहीन झालेल्या त्या माउलीला रिकाम्या घरात सोडून जाण्याचे तिच्या जिवावर आले. वर्ष सरत आले तेव्हा एके दिवशी तिने गॅरेजातली त्याची मोटारसायकल नुसती सुरू करून पाहिली, आणि दारात उभ्या असलेल्या सासूबाईंनी त्या आवाजात सुनेचा विझलेला चेहरा उजळताना पाहिला. त्याच म्हणाल्या होत्या, गंजू देण्यापेक्षा तू चालव. अट एकच घातली... फळा मी धरणार.

ती अट म्हणजे केवढे वात्सल्य, असे तिला इतके दिवस वाटत आले होते!

आणि आज दुपारची शर्यत संपल्यावर ती नळावर तोंड धुवायला गेली, तेव्हा तिथे पोस्टमन उभा होता. तो खरोखरीचाच पोस्टमन. शर्यतीत नेहमी सगळ्यांच्या पुढे, म्हणून पत्रे तेवढी उशिरा कशी येतात, अशी त्याची थट्टा होई. तिच्या पतीचा तो जुना मित्र.

"वहिनी, रागावणार नसाल तर एक विचारतो. दोन फेऱ्या उरल्या की तुम्ही हात का आखडता घेता?"

"पाच सेकंद मागे होते मी. उगीच इंजिन फोडून काय मिळणार होतं?"

"पाच?" तो हसला. "माझ्या बायकोनं मला दाखवलं, मागे दीड. पाठीला घाम फुटला होता माझ्या. पण म्हटलं, वहिनी आता सोडतील. नेहमी सोडतात. तुमच्या भरवशावर तर मी..."

तिच्या चेहऱ्याकडे लक्ष जाताच तो थांबला, आणि धुतलेल्याच तोंडावर पुन्हा पुन्हा पाणी मारीत राहिला.

नळापासून तंबूपर्यंतचा रस्ता तिने कसा काटला तिचे तिलाच ठाऊक. शर्यतीनंतर लागणाऱ्या निकालात अंतर नेहमी पाच-सहा सेकंदांचेच असे, म्हणून तिला कधी संशय आला नव्हता. आता उमगले. खोटे आधी फळ्यावर लिहिले जात होते, आणि मग शेवटच्या फेऱ्यांत, हताश होऊन वेग कमी करणाऱ्या तिच्याच हातांनी ते खरे होत होते.

"दीड होते," तंबूत सासूबाई खाली पाहत म्हणाल्या.

"आणि आधीच्या शर्यतींत?"

सासूबाईंनी गळ्यातले स्टॉपवॉच काढून ताटलीशेजारी ठेवले. तेच उत्तर होते.

तिला रडू कोसळेल असे वाटले होते. आवाज मात्र कोरडा निघाला. ती म्हणाली की बक्षिसाचे कप गेले त्याचे तिला काही नाही, ते कोणाच्याही कपाटात राहोत. पण या दोन वर्षांत तिने स्वतःची एक किंमत ठरवून घेतली होती. आपल्यात ते नाही, आपण केवळ गेलेल्या माणसाच्या गाडीवरची धूळ झटकणारी बाई आहोत, असे ती रोज रात्री उशीवर डोके टेकताना मान्य करीत आली होती.

"मी कमी आहे, हे मी तुमच्या फळ्यावर वाचलं. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर विश्वास ठेवला नसता."

तिने हेल्मेट उचलून मोटारसायकलच्या हँडलला अडकवले.

"उद्या फळा नको. शर्यत झाली की मी भावाकडे जाते."

"बरं," सासूबाई म्हणाल्या.

एवढेच! वाद नाही, विनवणी नाही... त्या एका शब्दाने तिच्या काळजाला जे घर पडले ते दुपारच्या त्या कळलेल्या सत्यानेही पडले नव्हते. ताटलीतले अन्न तसेच निवून गेले.

सकाळी ती उठली तेव्हा सासूबाईंचे अंथरूण घडी करून ठेवलेले होते आणि फळा जागेवर नव्हता. म्हातारी रागावून घरी गेली असावी असे तिला प्रथम वाटले. मग वाटले, जाईल कशी, व्हॅन तर इथेच आहे. रागाच्या पोटातून भीतीने डोके वर काढले. ती शोधत निघाली, आणि जिथे असतील असे तिला स्वप्नातही वाटले नसते तिथे त्या सापडल्या. शेवटच्या वळणावर, रचून ठेवलेल्या जुन्या टायरांपाशी, फळा कवटाळून. तीन वर्षे त्यांनी या वळणाकडे मान वळवूनही पाहिले नव्हते.

"त्या दिवशी मी खरं लिहिलं होतं," पाठमोऱ्याच त्या म्हणाल्या.

ती जागच्या जागी थबकली.

"दशांश तीन. इतकंच उरलं होतं पुढच्यापासून. मी बरोबर मोजलं, बरोबर लिहिलं, उंच धरलं. वर्गात आयुष्यभर ओरडत आले, पोरांनो, दशांश चिन्ह विसरू नका. तेही नीट लावलं होतं मी. त्यानं ते वाचलं, मान हलवली... आणि इथे आला."

त्यांनी कमरेची छोटी पिशवी उघडली आणि तळहातावर काहीतरी पुढे केले. नाण्याएवढी, पिवळ्या रंगाची पत्र्याची चकती. फळ्याच्या खाचांत बसणारे सगळे आकडे तिच्या पतीनेच पत्रा कापून केले होते, आणि दशांश चिन्हासाठी ही चकती. आता तिच्या ध्यानात आले की तिच्या फळ्यावर कधी दशांश आलाच नव्हता. चार, पाच, सहा... नेहमी पूर्ण आकडे. म्हातारीच्या डोळ्यांना सोपे पडत असावे, असे समजून ती त्याचेही कौतुकच करीत आली होती.

"ही पुन्हा लावायला हात धजेना. तुला जाऊ नको म्हणायला तर तोंड नव्हतं, मीच बसवलं होतं तुला गाडीवर. मग म्हटलं, खोटं सांगेन, पण घरी आणीन. एक खरं बोलून मुलगा घालवला, बाळा. तू गेलीस तर मी कोणाला हाक मारू?"

या बाईला मिठी मारावी असे एका हाताला वाटत होते आणि दुसरा हात अजून मूठ वळूनच होता; कारण दुःख कितीही थोर असले तरी तिची दोन वर्षे त्याखाली दडपली गेली होती, आणि ते तिला न विचारता झाले होते.

"मला घरी आणायचं की नाही, ते मी ठरवायचं होतं," ती अखेर म्हणाली. "आज फळा धरायचा असेल तर खरा धरा. नाहीतर धरू नका."

"मला नाही जमायचं."

ती परतली. आता कातडी पोशाख चढवायला हवा होता, टायरांतली हवा पाहायला हवी होती.

शर्यत सुरू झाली. पोस्टमन पहिल्याच वळणावर पुढे निघाला आणि ती त्याच्या मागोमाग दुसरी. पहिल्या फेरीला भिंतीपाशी सासूबाई नव्हत्या. दुसरीलाही नव्हत्या. तो झाडीआड गेला, आणि ती एकटी टेकडी चढत उतरत राहिली, आंधळ्यासारखी, केवळ इंजिनाच्या स्वरावर भरवसा ठेवून. कित्येकदा तिच्या मनात आले, सोडावे. पाच सेकंद झाले असतील. सहा झाले असतील. सोडून देण्याची सवय तिच्या मनगटांना लागली होती. आज ती सवय कोणाची देणगी आहे हे ठाऊक असूनही मनगटे ऐकत नव्हती...

आणि शेवटून दुसरी फेरी सुरू होताना भिंतीवर काळा फळा वर आला. एक, नऊ. आणि दोहोंच्या मध्ये, वाऱ्याने थरथरणारी, नाण्याएवढी पिवळी चकती.

एक दशांश नऊ! तो आकडा खरा की खोटा हे पडताळण्याचे कोणतेही साधन तिच्यापाशी नव्हते. पण ती चकती तिने पाहिली, आणि हेल्मेटच्या आत तिचे डोळे असे भरून आले की पुढचे वळण तिने निम्मे सवयीने घेतले. मग डोळे निवळले. मनगट मोकळे झाले. त्या फेरीत तिने जी गाडी चालवली तशी तिने कधी चालवली नव्हती. किंवा नेहमीच चालवू शकली असती, पण तिला कोणी तसे सांगितले नव्हते.

पुढल्या खेपेला फळ्यावर एक दशांश एक. अखेरची फेरी.

टेकडीच्या उतारावर पोस्टमनचे मागचे चाक दिसले, वाढत वाढत अगदी पुढ्यात आले, आणि शेवटचे वळण समोर ठाकले. त्याची गाडी किंचित बाहेर सरकली. आत जागा उघडली... तीच जागा. तिच्या पतीने पाहिली असेल ती. तिचे सारे शरीर तिकडे झुकले, आणि त्याच निमिषात, रोज भिंगाच्या कडा निरखणाऱ्या तिच्या डोळ्यांनी नीट मोजून सांगितले की ती जागा एका मोटारसायकलपुरती नाही. ती बाहेरून गेली. रुंद वळण घेऊन, उशिरा, पूर्ण जोर लावून. सरळ रस्त्यावर दोघे खांद्याला खांदा लावून आले, आणि अर्ध्या चाकाने ती मागे राहिली.

ती थांबली तेव्हा पोस्टमन हेल्मेट काढून तिच्याकडे येत होता. तो म्हणाला की पुढच्या मोसमापासून त्याला नवे टायर घ्यावे लागणार, वहिनींनी त्याचा खर्च वाढवला. ती हसली, पण पाहत होती भिंतीकडे. सासूबाई फळा अजून उंच धरूनच उभ्या होत्या, जणू तो खाली करायचा असतो हे त्यांना कोणी शिकवलेच नव्हते. तिने जवळ जाऊन तो त्यांच्या हातांतून सोडवून घेतला. बोटे वळून आखडली होती.

"दुसरा नंबर आला, आई."

त्या हाकेसरशी म्हातारीचा बांध फुटला. किती तरी वेळ त्या तिच्या कातडी पोशाखात तोंड खुपसून स्फुंदत राहिल्या. सारा क्लब दुसरीकडे पाहू लागला, आणि निशाणाच्या अधिकाऱ्याने आपली सिगरेट न पेटवताच खिशात टाकली.

"आत शिरली नाहीस," जराशाने त्या म्हणाल्या.

"जागा नव्हती."

"तुला दिसलं. मग त्याला कसं दिसलं नाही गं?"

तिने त्यांचे आखडलेले हात आपल्या हातांत घेऊन चोळले.

"ते मला नाही माहीत. पण ठरवलं त्यानं, आई. तुम्ही फक्त आकडा लिहिला होता."

सासूबाई टेकडीच्या पायथ्याच्या त्या वळणाकडे पाहत राहिल्या. डोळे न मिटता, बराच वेळ.

तंबू उतरवून झाला, मोटारसायकल व्हॅनमध्ये चढली. भावाकडे जाण्याचा विषय दोघींपैकी कोणीच काढला नाही. तिने फळ्यावरचे आकडे एकेक करून खाचांतून काढले. चकती हातात येताच सासूबाईंनी सवयीने कमरेची पिशवी उघडून पुढे केली. तिने ती पिशवी हलकेच मिटली, आणि चकती बाकीच्या आकड्यांच्या डब्यात टाकून झाकण लावले.